गट सांभाळायला मिळालाय? मेंढपाळासारखी काळजी कशी घ्यायची, एकेक पायरी

उपासना संपल्यावर पास्टर बाजूला बोलावतात आणि म्हणतात, आजपासून हा गट तुमच्याकडे, जरा लक्ष ठेवा. बस्स, एवढंच. लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कुणाला कधी फोन करायचा, कुणी समोर बसून रडायला लागलं तर काय बोलायचं, कुणी यायचंच बंद केलं तर मागे लागायचं की सोडून द्यायचं, हे कुणी सांगत नाही. मग बहुतेक जण दर आठवड्याला छोटंसं प्रवचन द्यायला लागतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर रोज सकाळी एक वचन टाकतात आणि काम झालं असं समजतात. मी बरीच वर्षं असे गट सांभाळतेय, नवीन लीडर्सच्या सोबतही असते, आणि प्रश्न सगळ्यांचे तेच असतात, म्हणून क्रमाने लिहून काढतेय. सेल ग्रुप (घरोघरी जमणारा छोटा गट) असो, तरुण संघ असो, संडे स्कूल असो की महिलांची प्रार्थना सभा, पायऱ्या याच.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. ही माणसं तुमची नाहीत, प्रभूची आहेत, आणि त्याने ती स्वतःच्या रक्ताने विकत घेतलीत (प्रेषितांची कृत्ये २०:२८). येशूचा शिष्य पेत्र सुद्धा मंडळीच्या (चर्चच्या) वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार ज्येष्ठांना, लिहिताना मुख्य मेंढपाळ, म्हणजे येशू, येणार आहे याची आठवण करून देतो (१ पेत्र ५:४). म्हणजे आपण राखणीला ठेवलेले. हे डोक्यात राहिलं तर अहंकारही कमी होतो आणि ओझंही, कारण कुणाला वाचवायचं काम आपल्याकडे दिलेलंच नाहीये.

काय काय हाताशी हवं

- बायबल, आणि त्यात चार ठिकाणी खूण घातलेली: स्तोत्र २३, यहेज्केल ३४, योहान १०, १ पेत्र ५
- एक साधी वही, जी फक्त तुम्हीच उघडाल. मोबाईलमध्ये लिहायचं असेल तर लॉक लावून, आणि घरातलं कुणी तो मोबाईल वापरत असेल तर मोबाईलमध्ये नकोच
- कॅलेंडर (वाढदिवसांपेक्षा जास्त उपयोग ऑपरेशनच्या, कोर्टाच्या आणि घरातल्या मृत्यूच्या तारखांसाठी होतो)
- काही नंबर आधीच सेव्ह केलेले: डॉक्टर, प्रशिक्षित समुपदेशक, पोलीस, आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाईन, तुमचे पास्टर
- मुलांमध्ये काम असेल तर त्यांच्या सुरक्षिततेबद्दल मंडळीची लिखित नियमावली. नसेल तर ती बनवून मागा, त्याशिवाय सुरुवात करू नका
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची स्वतःची काळजी घेणारा कुणीतरी एक माणूस

१. आधी स्वतःकडे बघा

प्रेषित पौल इफिसच्या मंडळीतल्या वडिलांना सांगतो की तुम्ही स्वतःकडे लक्ष द्या आणि कळपाकडे द्या, याच क्रमाने. नवीन माणूस हे उलटं करतो. जोशात रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी, स्वतःची प्रार्थना बंद, स्वतःच्या मुलांशी बोलायला वेळ नाही, आणि काही महिन्यात चिडचिड सुरू होते की मी एवढं करते पण कुणाला किंमत नाही. ही चिडचिड दिसली की थांबा. आठवड्यातला एक दिवस गटाच्या कामाला पूर्ण सुट्टी द्या आणि तसं गटाला सांगून टाका.

योहान २१ मध्ये पेत्राकडे मेंढरं सोपवताना येशूने त्याला तीनदा एकच विचारलं, तू माझ्यावर प्रेम करतोस का? किती शिकलास, बोलता येतं का, मागच्या वेळी काय झालं होतं, यातलं काही नाही. त्यामुळे मला वचनं पाठ नाहीत, मला स्टेजवर बोलता येत नाही म्हणून घाबरत असाल तर घाबरू नका.

२. नावं लिहा आणि गट लहान ठेवा

वहीत एकेका माणसाला एक पान द्या. नाव, घरात कोण कोण, काम काय, आत्ता कसली काळजी आहे, आणि शेवटचं नीट बोलणं कधी झालं, एवढंच. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो असं योहान १०:३ मध्ये आहे, आणि ज्याच्या मुलाचं नाव पण आपल्याला माहीत नाही त्याची काळजी आपण काय घेणार.

संख्येबद्दल सांगते. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे खटले ऐकत बसायचा, ते बघून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला स्पष्ट सांगितलं की हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील, आणि हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसं नेमायला लावली. नवीन माणसाने दहाच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पंचवीस जणांची यादी हातात दिली तर दहा नावं ठेवून बाकीची नम्रपणे परत करा किंवा जोडीदार मागा.

३. प्रत्येकाची अवस्था ओळखा

ही पायरी घाईत उरकू नका. यहेज्केल ३४:४ काढा. तिथे देव इस्राएलच्या मेंढपाळांना रागावतोय, पण त्या रागातच कामाची पूर्ण यादी आहे: दुर्बळाला बळ दिलं नाही, आजाऱ्याला बरं केलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, भटकलेल्याला परत आणलं नाही, हरवलेल्याला शोधलं नाही, उलट जबरदस्तीने सत्ता गाजवली. पाच कामं आणि एक मनाई. वहीतल्या प्रत्येक नावापुढे लिहा की हा माणूस आत्ता यातला कोण आहे. काही जण यापैकी कुणीच नसतील, ठीकठाक असतील, त्यांनाच पुढे तुमच्या मदतीला घ्यायचंय.

हे का करायचं, तर सगळ्यांना एकच औषध चालत नाही. पौल १ थेस्सलनीकाकरांस ५:१४ मध्ये म्हणतो की बेशिस्तांना ताकीद द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, आणि सगळ्यांशी सहनशीलतेने वागा. आता खचलेल्या माणसाला ताकीद दिली तर काय होईल? आणि हेच सर्रास होतं. नोकरी गेलेला भाऊ चार रविवार आला नाही, की त्याला विश्वासात कमी पडतोयस म्हणून ऐकवतात.

ओळखायचं कसं? मेंढी हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे ती दुखणं शेवटपर्यंत लपवते. जाणता मेंढपाळ ओरडण्याची वाट बघत नाही, तो बघतो की कोण कळपाच्या मागे रेंगाळतंय, कुणी रवंथ करणं थांबवलंय, कुणाचे कान पडलेत. माणसांचंही तेच. आमच्या गटात एक ताई नेहमी पुढे बसायच्या, गाणं त्याच सुरू करायच्या. मग त्या गाणं झाल्यावर यायला लागल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या, पर्स मांडीवरच, आणि शेवटच्या प्रार्थनेला सगळे डोळे मिटून असताना निघून जायच्या. कशा आहात विचारलं की "प्रभूची कृपा" म्हणायच्या. नुसतं उत्तर ऐकलं असतं तर सगळं छान होतं. म्हणून नियम करा, माणूस काय बोलतो त्यापेक्षा त्याच्यात काय बदललंय ते बघा: जागा बदलली का, वेळ बदलली का, मेसेजला उत्तर द्यायची पद्धत बदलली का, हसणं कमी झालं का, किंवा अचानक जास्तच हसायला लागलाय का.

४. भेटायला जा

मीटिंगमध्ये माणूस कळत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरला रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते, ते आणि त्यांचे सहकारी आठवड्यातले सोमवार-मंगळवार राखून ठेवायचे आणि आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबांशी वेगवेगळं बसून बोलायचे, म्हणजे वर्षभरात आठशेच्या वर कुटुंबं पूर्ण व्हायची. प्रवचन चांगलं असूनही लोकांना कळत नाही, तेवढ्याच वेळात समोरासमोर बोललं की कळतं, असा त्यांचा अनुभव होता. आपल्याकडे दहाच माणसं आहेत, आठवड्याला एक भेट धरली तरी अडीच महिन्यात सगळ्यांकडे जाऊन होतं.

आधी फोन करून जा. अर्धा-पाऊण तास पुरे. पहिल्या भेटीत बायबल उघडायची घाई नको, आणि घरात कोण कुठे बसलंय, काय पडलंय हे न्याहाळत बसू नका, लोकांना ते लगेच कळतं. निघताना विचारा की प्रार्थना केली तर चालेल का. नाही म्हणाले तर हसून निरोप घ्या. मनातल्या मनात प्रार्थना करायला कुणी अडवत नाही.

५. ऐका, आणि सल्ला गिळा

नवीन लोकांना हेच सगळ्यात जड जातं. माणूस दोन वाक्यं बोलला की आपलं उत्तर तयार. येशूने आंधळ्या बार्तीमयाला सुद्धा विचारलं की मी तुझ्यासाठी काय करू (मार्क १०:५१). आंधळा माणूस ओरडतोय, त्याला काय हवंय ते दिसतच होतं, तरी विचारलं.

काय बोलायचं सुचत नसेल तर ही वाक्यं वापरा:

"मग पुढे काय झालं?"
"तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"
"हे अजून कुणाला माहितीये का?"
"मी आत्ता काय केलं तर बरं वाटेल? नुसतं ऐकू, प्रार्थना करू, की काही काम आहे?"

शेवटचा प्रश्न तर सोन्यासारखा आहे. अर्ध्या वेळा उत्तर येतं की नुसतं ऐका.

आणि ही वाक्यं बोलायचीच नाहीत: "देवाची इच्छा", "सगळं चांगल्यासाठीच होतं", "तुमच्यापेक्षा वाईट परिस्थिती आहे लोकांची", "काहीतरी पाप असेल, तपासून बघा". सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३) तोपर्यंत सगळं ठीक होतं, गडबड ते बोलायला लागल्यावर झाली.

६. प्रार्थना करा, पण बातमी पसरवू नका

हा सापळा फार मोठा आहे. "सगळ्यांनी अमुक ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरात नवरा-बायकोचं..." असा मेसेज ग्रुपवर पडतो, हेतू चांगला असतो, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळीला कळलेलं असतं. त्या ताई परत कधीच कुणाला काही सांगणार नाहीत. म्हणून दरवेळी विचारायचं, हे फक्त माझ्यापाशी ठेवू, की पास्टरांना सांगू, की गटाला? आणि गटाला सांगा म्हणाले तरी कुठल्या शब्दात सांगायचं ते त्यांच्याकडूनच घ्या. परवानगी नसेल तर स्वतःच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही.

७. यायचं बंद केलंय त्याच्या मागे जा

लूक १५ मधला मेंढपाळ नव्याण्णव सोडून एकाला शोधायला निघतो आणि ते सापडेपर्यंत शोधतो. दोन रविवार कुणी दिसलं नाही की तिसऱ्याची वाट बघू नका, फोन करा. फोनवर "आला नाहीत" हा शब्दच काढू नका, तो हजेरी घेतल्यासारखा वाटतो. असं बोला:

"दादा, दोन आठवडे तुमची आठवण येत होती, सगळं बरंय ना?"
"हो हो, जरा कामात होतो."
"बरं. कामाचं टेन्शन आहे का काही?"
आणि मग गप्प. पुढची शांतता तुम्ही भरू नका, त्यांना भरू द्या.

कधीकधी कळतं की मंडळीतल्याच कुणीतरी दुखावलंय. तेव्हा मंडळीची वकिली करायला बसू नका, पूर्ण ऐकून घ्या आणि जे चुकीचं झालं त्याला चुकीचं म्हणा. आणि एखाद्याने स्पष्ट सांगितलं की मला फोन करू नका, तर करू नका. नाव वहीत राहू द्या, प्रार्थना चालू ठेवा, मोठ्या प्रसंगाला एक साधा मेसेज. पाठलाग करून कुणी परत येत नाही.

८. आजारपण आणि मृत्यू

दवाखान्यात दहा मिनिटांच्या वर थांबू नका, पेशंट थकतो. पलंगावर बसू नका, रिपोर्ट मागू नका, आपल्या नात्यातल्या कुणाला हाच आजार झाला होता ती गोष्ट सांगू नका. सोबत राहणाऱ्या माणसाकडे बघा, तोच जास्त दमलेला असतो, त्याला तासभर बाहेर पाठवा आणि तुम्ही बसा. तेल लावून प्रार्थना करायची असेल (याकोब ५:१४) तर आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं तिथे लिहिलंय, म्हणजे त्याची इच्छा आधी विचारायची.

मृत्यूनंतर पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा तुमची फारशी गरज नसते. महिन्याने जा. तीन महिन्यांनी जा. वर्ष होईल ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच टाका. आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या, लोक घाबरून नाव घेणं टाळतात पण घरच्यांना ते ऐकायचं असतं.

९. चूक दाखवायची वेळ आली तर

मत्तय १८:१५ सरळ आहे, तो आणि तुम्ही, दोघंच असताना बोला. गटात टोमणा मारायचा नाही, प्रार्थनेतून तर नाहीच ("हे प्रभू, आमच्यातल्या काही जणांना वेळेवर यायची बुद्धी दे" वगैरे). आणि पेत्राचं लक्षात ठेवा, सत्ता गाजवायची नाही, उदाहरण व्हायचं (१ पेत्र ५:३). कुणी कुणाशी लग्न करावं, कुठली नोकरी घ्यावी, पैसे कुठे ठेवावे हे ठरवणं आपलं काम नाही. विचारलं तर सोबत विचार करा, प्रार्थना करा, निर्णय त्यांचा. देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय असं म्हणून कुणाला वळवायला जाऊ नका, यातून माणसं कायमची मोडलेली आहेत.

१०. जिथे तुमचं काम संपतं

इथे हळू वाचा. काही गोष्टींना प्रार्थना हवीच, पण नुसती प्रार्थना करून गप्प बसणं म्हणजे हयगय आहे.

कुणी जगण्यात अर्थ नाही, आता बास झालं असं बोललं तर सरळ विचारा, "आत्महत्येचा विचार मनात येतोय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्या, विष, दोर असं काही जवळ असेल तर ते दूर करा, घरच्या विश्वासू माणसाला आणि हेल्पलाईन किंवा डॉक्टरांना लगेच सामील करा. कुणाला सांगणार नाही असं वचन अशा वेळी देऊ नका, आणि मागितलं तर म्हणा, "तुझा जीव मला गुपितापेक्षा मोठा आहे."

नैराश्याची औषधं चालू असलेल्याला विश्वास असेल तर गोळ्या बंद कर असं कधीही, कधीही म्हणू नका. १ राजे १९ वाचा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला आधी झोपू देतो, देवदूत उठवून खायला-प्यायला देतो, तो परत झोपतो, परत उठवून खायला देतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. संभाषण त्याच्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेबच्या डोंगरावर. शरीर थकलंय हे देवाने बघितलं, आपणही बघावं.

घरात मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका, तिने तुमच्यासमोर जे सांगितलं त्याची किंमत ती घरी जाऊन मोजेल. सहन कर, प्रार्थना कर असं सांगून परत पाठवू नका. तिला एकटीला भेटा, सुरक्षित जागा कुठे आहे ते आधी बघा, पोलीस आणि जाणकार मदत कशी घ्यायची ते सांगा आणि तिला हवं असेल तर सोबत जा.

लहान मुलाशी काही वाईट झाल्याचं कळलं तर मंडळीचं नाव खराब होईल म्हणून आत दाबायचं नाही. आरोप कुणावरही असो, लीडरवर असो, पास्टरवर असो. मुलाला खोदून खोदून विचारू नका, तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही एवढं म्हणा, त्याच्याच शब्दात लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पोलिसांना आणि मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या यंत्रणेला कळवा. लांडगा दिसल्यावर मेंढरं टाकून पळणारा तो मोलकरी, असं येशूने सांगितलंय (योहान १०:१२), आणि हे दाबून टाकणं म्हणजे तेच पळून जाणं.

११. कुंपणं

थोडक्यात लिहिते. गटातल्या कुणाकडून उसने घेऊ नका, देऊही नका, मदत करायची तर परत न मागायच्या बोलीने किंवा मंडळीच्या फंडातून, आणि दोघांच्या सहीने. परक्या स्त्री-पुरुषाने बंद खोलीत एकटं भेटायचं नाही, मुलांबरोबर तर एकटं राहायचंच नाही. रात्रीच्या फोनची वेळ ठरवून द्या, जिवावरचं असेल तर कधीही. एकच माणूस रोज तासभर बोलत असेल तर त्याला अजून दोघांशी जोडून द्या, कारण तुमच्याशिवाय त्याचं चालेनासं झालं तर ती काळजी राहिली नाही.

१२. दुसऱ्याला तयार करा आणि सोपवा

सुरुवातीपासून एकाला सोबत न्या. आधी तो नुसता बघेल, मग तो बोलेल आणि तुम्ही बघाल, मग तो एकटा जाईल आणि येऊन सांगेल. सोपवायची वेळ आली की प्रत्येकाला स्वतः भेटून सांगा, ग्रुपवर मेसेज टाकून नाही. नवीन माणसाला नावं, आजारी कोण, कुणाच्या तारखा कधी एवढं द्या. खाजगी गोष्टी ज्याच्या त्याला विचारूनच द्यायच्या, नको म्हणाले तर ती पानं फाडून टाका.

पहिले काही दिवस लोक सवयीने तुम्हालाच फोन करतील. ऐकून घ्या आणि विचारा, "हे नवीन ताईंना सांगितलंस का? नसेल तर आज सांग, मी त्यांना कळवते की तुझा फोन येईल." आणि लगेच कळवा, नाहीतर दोघीही वाट बघत बसतात.